दुधाहून हलका दुधी

बाळाच्या वाटीत उरलेला कुस्करलेला बटाटा लगेच धुऊन टाकू नका, थोडा वेळ तसाच ठेवून पाहा. भरवताना चमचा आडवा केला तरी न ओघळणारा तो लगदा हळूहळू सैल पडतो, कडेने पाणी सुटतं. पातेल्यातला, बाळाचा चमचा न लागलेला बटाटा मात्र तसाच घट्ट. वाटीतला बटाटा उष्टा झाला, एवढाच फरक. चमच्यावरून लाळ वाटीत गेली आणि लाळेतल्या अमायलेज या विकराने स्टार्चच्या लांब साखळ्या तोडायला सुरुवात केली. त्या साखळ्यांनीच पाणी धरून ठेवलेलं असतं. त्या तुटल्या की पाणी मोकळं होतं. (लाळेसोबत जिवाणूही वाटीत उतरतात, म्हणून उरलेलं उष्टं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.)

सहा महिन्यांच्या बाळाचं वरचं खाणं सुरू होतं तेव्हा घरात चर्चा रंगते ती कोणती भाजी आधी द्यायची याची. गाजर की भोपळा? दुधी चालेल का? पोषणाच्या हिशेबात त्याहून मोठा प्रश्न आहे तो लगदा किती घट्ट ठेवायचा हा.

साधा हिशेब करू. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. १०० ग्रॅम दुधीत जेमतेम १५, लाल भोपळ्यात २५च्या आसपास, गाजरात ३५-४०. म्हणजे उकडून वाटलेला दुधी दुधापेक्षा कितीतरी हलका. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. त्या नुसत्या दुधीतून भागवायच्या तर सव्वा किलोहून जास्त दुधी भरवावा लागेल! आणि बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाला एका वेळी फार तर सव्वादोनशे ग्रॅम. त्यात आपण ‘पचायला हलकं जावं’ म्हणून मिक्सरमध्ये आणखी अर्धी वाटी पाणी ओततो. डाळीच्या पाण्याचीही तीच गत. डाळ तळाशी बसते, वरचं निवळ बाळाच्या वाट्याला येतं आणि खालची डाळ मोठी माणसं खातात.

भाज्या उकडून, गाळून भरवायची ही रीत तशी अलीकडची आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्रिमाँट गावी १९२७ साली डोरोथी गर्बर मुलीसाठी भाज्या गाळून गाळून कंटाळल्या आणि हे काम तुमच्या डबाबंद मालाच्या कारखान्यात का करत नाही, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं, अशी गर्बर कंपनीची जन्मकथा सांगतात. पुढच्याच वर्षी गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात आले. याउलट आपल्याकडच्या गुरगुट्या भातात वरण आणि तूप असतं. कॅलरींच्या बाबतीत तो नुसत्या दुधीला सहज मागे टाकतो.

तर भाजी द्यायचीच, पण एकटी नको. लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपात ४५ कॅलरी असतात; शंभर ग्रॅम दुधीच्या तिप्पट. शिवाय गाजर-भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. ते वनस्पतीच्या पेशींत कोंडलेलं असतं. शिजवल्याने पेशीभित्ती सैल होतात, कुस्करल्याने फुटतात, आणि मग तुपाच्या थेंबांतून ते आतड्यात शोषलं जातं. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं.

बटाटा मात्र मिक्सरमध्ये घालू नये. पात्यांनी पेशी फाटतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात डिंकासारखा तार धरणारा गोळा उरतो. तो काट्याने किंवा रवीने मोडलेला बरा.

आता खरी अडचण येते. पीठ-धान्य वाढवलं की पेज इतकी घट्ट होते की बाळ ती गिळत नाही. पातळ केली की त्यातला दम जातो. यावरची युक्ती उष्ट्या वाटीतच दडलेली आहे. धान्याला मोड आले की त्यातही अमायलेज तयार होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं अगदी थोडं पीठ गरम, घट्ट लापशीत मिसळलं की ती बघता बघता सैल होते. पाणी न वाढवता. उकळत्या लापशीत घातलं तर विकर निकामी होतं, म्हणून आच बंद करून जरा निवल्यावर घालायचं, ढवळायचं आणि सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी द्यायची. मोड आलेल्या नाचणीचं पीठ आपल्या घरांत असतंच, पण ते सहसा पहिल्यापासून पाण्यात कालवून उकळतात. चिमूटभर शेवटासाठी राखून ठेवलं तर त्याच वाटीत जास्त पीठ मावेल.

लोहाची बाब भाज्यांवर सोडू नये. जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्यापर्यंत ओसरू लागतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. पालकाचा बोलबाला मोठा, पण त्यातलं लोह शोषलं जातं कमी. डाळ आणि चालत असेल त्या घरात मासे, खिमा हे जास्त कामाचे. डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले तर आणखी बरं. पालक-बीटचा लगदा मात्र ताजाच द्यावा. त्यांतल्या नायट्रेटचं साठवणीत जिवाणूंमुळे नायट्राइट होऊ शकतं, आणि त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. मीठ-साखर वर्षभर लागत नाही. मध तर वर्षाआधी चाटवूच नये, बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू त्यात असू शकतात.

मग भाजी कशासाठी? अ जीवनसत्त्वाखेरीज, चवीसाठी. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्यूली मेनेला यांच्या २००१च्या प्रयोगात गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीच्या लापशीला कमी वेळा तोंडं वाकडी केली. आईने खाल्लेल्या मेथी-कारल्याचा बाळाशी असा आधीच थोडा परिचय झालेला असू शकतो. बाकीच्यासाठी चिकाटी लागते. एक भाजी आठ-दहा वेळा समोर आल्यावर बाळ ती स्वीकारतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. दोनदा थुंकली म्हणून ‘आवडत नाही’ असा निकाल आपणच देऊन टाकतो.

आणि मिक्सर किती दिवस? ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाठीगाठींचं अन्न मिळालेली मुलं सातव्या वर्षी भाज्या-फळं कमी खाताना आढळली. याने कारण सिद्ध होत नाही, पण जीभ आणि जबडा सरावाने तयार होतात हे खरं. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात गाजर वाटण्याऐवजी चमच्याच्या पाठीने दाबावं, कणी राहू द्यावी. घास जिभेवर मागे सरकल्यावर बाळ ओकारी काढल्यासारखं करतं, डोळ्यांत पाणी येतं, आजी धावत येते. ती संरक्षणाचीच क्रिया असते. गुदमरलेलं बाळ आवाज करू शकत नाही, तिथे धावायचं. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे मात्र पाच वर्षांच्या आत हाती देऊ नयेत.