ध्वज एकाचा, जहाज दुसऱ्याचे

३१ जुलै २०११ रोजी मुंबईच्या जुहू-वर्सोवा किनाऱ्यावर 'पवित' नावाचे एक तेलवाहू जहाज येऊन रुतले. जहाजावर कोणीही नव्हते. महिनाभरापूर्वी ओमानच्या किनाऱ्यापासून दूर, पाणी शिरलेल्या या जहाजावरील १३ भारतीय खलाशांची ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकेने सुटका केली होती आणि नंतर ते लाटांच्या हवाली झाले होते. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला तीन वर्षेही झाली नसताना एक आख्खे जहाज नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस या तिघांच्याही नजरेतून सुटून शहराच्या अंगणात येते, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. तो रास्तच होता. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला: हे जहाज नेमके कोणाचे? त्यावरील ध्वज पनामाचा होता, मालक कंपनी दुबईतील आणि खलाशी भारतीय.

चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, 'रॅक कॅरिअर' हे मालवाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर ६० हजार टनांहून अधिक कोळशासह बुडाले. त्यावरील ३० जणांना वाचवण्यात यश आले, पण इंधनाचा तवंग किनाऱ्याला लागला. ध्वज याही जहाजावर पनामाचाच होता. राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकरणी कतारशी संबंधित मालक कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळसा मागवणाऱ्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो ऑगस्ट २०१६ मध्ये. म्हणजे पाच वर्षांनी, आणि तोही एका नागरिकाने अर्ज केल्यामुळे.

दोन्ही जहाजांवर पनामाचा ध्वज असणे हा योगायोग नव्हे. खुल्या समुद्रावर कोणत्याच देशाचे राज्य नसते. तेथे जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या ध्वजाच्या देशाचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातील ९२ वे कलम हेच सांगते. जहाजाची तपासणी, खलाशांची पात्रता, अपघाताची चौकशी ही सारी कर्तव्ये त्याच कराराच्या ९४ व्या कलमाने ध्वज देणाऱ्या देशावर टाकली आहेत. ही व्यवस्था वरवर पाहता निर्दोष वाटते. अडचण एवढीच की ध्वज विकत मिळतो.

या विक्रीचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२२ मध्ये, 'रिलायन्स' आणि 'रिझोल्यूट' या दोन प्रवासी जहाजांनी अमेरिकेचा ध्वज उतरवून पनामाचा चढवला. हेतू उदात्त नव्हता. प्रवाशांना मद्य विकता यावे, इतकाच होता. पुढे मालकांना या सोयीचे इतरही फायदे दिसू लागले: कर कमी, खलाशी कोणत्याही देशाचे आणि स्वस्त, कायद्याचा जाच नाही. १९४८ मध्ये लायबेरियाची जहाज नोंदणी सुरू झाली, तीही अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने. आफ्रिकेतील त्या देशाची नोंदणी आजही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालते. पॅसिफिकमधील मार्शल बेटांच्या नोंदणीचे मुख्य कार्यालयही त्याच राज्यात आहे. जगातील एकूण जहाजवाहतूक क्षमतेपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षमता आज लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन ध्वजांखाली आहे. ज्या मंगोलियाला समुद्रच नाही, त्या देशानेही २००३ मध्ये सिंगापूरमधून जहाजांची नोंदणी सुरू केली. जहाज व्यवसायात यालाच 'सोयीचा ध्वज' म्हणतात. सोय कोणाची, हे सांगायला नकोच.

अर्थात यातील प्रत्येक नोंदणी वाईटच असते असे नाही. लायबेरिया वा मार्शल बेटांच्या ध्वजाखाली उत्तम स्थितीतील हजारो जहाजे चालतात. खरा दोष त्याखालच्या दुसऱ्या थरात आहे. बहुतेक मालक प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्र कंपनी काढतात. कंपनी एका देशात, तिचे भागभांडवल दुसऱ्या देशातील कंपनीकडे, व्यवस्थापन तिसऱ्या देशात, विमा लंडनमध्ये. जहाज बुडाले की त्या कंपनीची एकमेव मालमत्ताही बुडते. मग हाती लागतो तो एवढ्यासाठीच की तो पळू शकत नाही: जहाजाचा कप्तान.

स्पेनने हे २००२ मध्ये करून दाखवले. १३ नोव्हेंबरला बहामाच्या ध्वजाखालील, ७७ हजार टन जड तेल वाहणारे 'प्रेस्टीज' गॅलिशियाच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटू लागले. कप्तानाने आसरा मागितला. स्पेनने तो नाकारून जहाज खोल समुद्रात ओढून नेण्यास भाग पाडले. सहा दिवसांनी त्याचे दोन तुकडे झाले आणि शेकडो किलोमीटर किनारा काळा पडला. साठी उलटलेला ग्रीक कप्तान ८३ दिवस तुरुंगात राहिला; त्याच्या जामिनाची रक्कम होती ३० लाख युरो. २०१३ मध्ये तो मुख्य आरोपातून सुटला, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. जहाज तंदुरुस्त असल्याचा दाखला देणाऱ्या अमेरिकन संस्थेविरुद्धचा स्पेनचा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात टिकला नाही. विमेदाराकडून मागितलेल्या भरपाईचा वाद तर दोन दशकांनंतरही लंडनच्या न्यायालयांत चालू होता. जहाज बंदरात न घेण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्या मंत्र्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

याहून वेगळे घडू शकते, हे शेजारच्या फ्रान्सने दाखवले. १२ डिसेंबर १९९९ रोजी 'एरिका' हे माल्टाच्या ध्वजाखालील जहाज ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ दुभंगले आणि सुमारे २० हजार टन तेल समुद्रात गेले. तेल होते 'टोटल' या फ्रेंच कंपनीचे. मालकीचे कागद माल्टा, लायबेरिया असे फिरत एका इटालियन मालकापर्यंत पोहोचत होते. पॅरिसच्या न्यायालयाने २००८ मध्ये मालक आणि व्यवस्थापक यांच्याबरोबरच दाखला देणारी इटालियन संस्था आणि खुद्द टोटल यांनाही दोषी ठरवले व १९ कोटी २० लाख युरोंची भरपाई सुनावली. जहाज फ्रान्सच्या प्रादेशिक हद्दीबाहेर बुडाले, ध्वज माल्टाचा, तेव्हा फ्रेंच न्यायालयाला अधिकारच नाही, हा युक्तिवाद अखेरपर्यंत लढवला गेला. सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. मात्र त्यासाठी जवळपास तेरा वर्षे खटला चालवण्याची ऐपत आणि चिकाटी असलेले राज्य लागले.

लेबनॉनसारख्या देशाकडे ती नव्हती. मोल्दोव्हाच्या ध्वजाखालील 'ऱ्होसुस' हे जुनाट जहाज जॉर्जियाहून मोझांबिककडे २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन निघाले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये बैरुतला थांबले. तपासणीत ते प्रवासास अयोग्य ठरले. थकलेले शुल्क, न मिळालेले पगार हे सारे टाकून चालक नामानिराळा झाला. कप्तान आणि तीन खलाशी मात्र त्या स्फोटक मालावर कित्येक महिने अडकून पडले. ते गेले तर जहाज सांभाळणार कोण, असा बंदराचा सवाल होता. पुढे माल गोदामात हलवला, जहाज २०१८ मध्ये तेथेच बुडाले, आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी त्या गोदामाच्या स्फोटाने दोनशेहून अधिक माणसे मारली. लेबनॉनच्या अधिकाऱ्यांची बेपर्वाई येथे उघड आहे, आणि ती कोणत्याही ध्वजाने झाकली जात नाही. पण जहाजाचा खरा मालक कोण, याचा माग शोधपत्रकारांना पनामातील एका कंपनीपर्यंत काढावा लागला. चौकशी करणाऱ्या पहिल्या न्यायाधीशांना दूर करण्यात आले, दुसऱ्यांचे काम राजकीय अडथळ्यांनी वर्षानुवर्षे रोखले गेले. स्फोटाला पाच वर्षे झाली, तेव्हाही खटला उभा राहिला नव्हता.

इजिप्तमध्ये तर न्यायालयानेच एका माणसाला जहाजाशी जखडून ठेवले. जुलै २०१७ मध्ये 'अमन' हे बहारीनच्या ध्वजाखालील जहाज मुदत संपलेल्या कागदपत्रांमुळे अदाबिया बंदरात अडवण्यात आले. कप्तान किनाऱ्यावर होता, म्हणून सीरियाच्या एका तरुण अधिकाऱ्याला जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमण्यात आले. नेमणुकीचा अर्थ त्याला नंतर कळला. बाकीचे एकेक करून घरी गेले. तो जहाजावर राहिला. आई वारली तेव्हाही त्याला जाता आले नाही. २०२० मध्ये वादळाने जहाज किनाऱ्याकडे ढकलले, तेव्हा तो अन्नासाठी आणि फोन चार्ज करण्यासाठी पोहत किनाऱ्यावर जाऊ लागला. एप्रिल २०२१ मध्ये वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रतिनिधीने त्याची जागा घेतल्यावर तो सुटला.

हा विषय कोकण, गोवा आणि मुंबईतील अनेक घरांना परका नाही. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरील तीन हजारांहून अधिक खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. दोन महिने पगार थकला तरी खलाशाला 'सोडून दिलेला' मानावे आणि विम्यातून त्याला चार महिन्यांपर्यंतचा पगार व घरी परतण्याचा खर्च मिळावा, असा आंतरराष्ट्रीय नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पण ज्या जहाजाचा विमाच बनावट वा मुदतबाह्य, त्याला हा नियम कसा लावणार?

जहाज आणि ध्वज यांच्यात 'खराखुरा संबंध' असावा, असे सागरी करारातील ९१ वे कलम म्हणते. तो संबंध म्हणजे काय, हे करारात लिहिलेले नाही. लिहिण्याचा प्रयत्न १९८६ च्या एका स्वतंत्र करारात झाला. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने तो आजवर अमलात आलेला नाही. उलट 'सायगा' जहाजाच्या खटल्यात सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये सांगून टाकले की, संबंध दिसत नाही म्हणून दुसऱ्या देशाला तो ध्वज नाकारता येणार नाही. २०२२ नंतर निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या जहाजांनी आणखी पुढची पायरी गाठली: जी नोंदणीच अस्तित्वात नाही, तिचा ध्वज लावायचा.

त्यामुळे व्यवहारात भरवसा उरतो तो बंदर असलेल्या देशावर. जहाज कधी ना कधी धक्क्याला लागतेच. 'अमोको कादिझ' या लायबेरियाच्या ध्वजाखालील जहाजाने १९७८ मध्ये ब्रिटनीचा किनारा तेलाने माखला, त्यानंतर युरोपातील देशांनी १९८२ मध्ये परक्या जहाजांची एकत्रित तपासणी सुरू केली. ते वाईट ध्वजांची काळी यादी प्रसिद्ध करतात, आणि मालक या यादीला कोणत्याही कराराहून अधिक भितात. हिंदी महासागरातही अशी व्यवस्था आहे, भारत तिचा सदस्य आहे. तथापि बंदर आपले असले म्हणजे सारे साधते असेही नव्हे. 'रिव्हर प्रिन्सेस' ६ जून २००० रोजी गोव्यात कांदोळी किनाऱ्यावर रुतले, मालक गोव्याचाच होता, आणि तरी त्याचा सांगाडा हटायला २०१२ साल उजाडले. तेथे पनामाला दोष देता येत नाही.

मे २०२५ मध्ये लायबेरियाच्या ध्वजाखालील 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ ६४० कंटेनरांसह बुडाले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आणि २०१७ च्या सागरी दावे कायद्याच्या आधारे त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. समूह जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर वाहतूकदारांपैकी एक, त्याची जहाजे भारतात रोज येतात, म्हणून हे साधले. जुने, एकमेव जहाज आणि त्याच्या नावाने काढलेली कंपनी असलेल्या मालकाविरुद्ध मात्र असा आदेश काढायचा झाला, तर अडवायला दुसरे जहाज नसते.