पायऱ्या उतरणारी स्प्रिंग आणि भूकंपाच्या लहरी

ब्रह्मपुरी : जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात एक रंगीबेरंगी प्लास्टिकची स्प्रिंग हमखास मिळते. जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून तिचे टोक खालच्या पायरीवर टेकवले की पुढचा प्रवास ती स्वतःच करते. 'स्लिंकी' हे तिचे मूळ नाव. मूळ स्लिंकी पोलादी होती आणि तिचा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात नव्हे, तर युद्धकाळातील जहाजबांधणीच्या गोदीत झाला.

अमेरिकेतील फिलाडेल्फियात १९४३ मध्ये रिचर्ड जेम्स हे अभियंता जहाजांवरील नाजूक यंत्रे समुद्राच्या हेलकाव्यांतही स्थिर राहावीत, यासाठी स्प्रिंगांवर प्रयोग करीत होते. त्यांतील एक स्प्रिंग खाली पडली आणि गप्प पडून राहण्याऐवजी वेढ्यामागून वेढा टाकीत चालू लागली. पत्नी बेटी यांनी शब्दकोश चाळून तिचे नाव शोधले. नोव्हेंबर १९४५ मध्ये गिंबल्स या दुकानात उतरत्या फळीवर प्रात्यक्षिक दाखवताच ४०० नग दीड तासात संपले. किंमत होती एक डॉलर. १९६० मध्ये रिचर्ड एका धार्मिक पंथात सामील होऊन बोलिव्हियाला निघून गेले. सहा मुले आणि डबघाईला आलेला कारखाना बेटी यांच्या पदरी पडला. खेळणे पुढे जगभर पोहोचले, ते त्यांच्या चिकाटीमुळे. पण शोधाच्या कथेत त्यांचा उल्लेख बहुधा नावापुरताच येतो.

स्प्रिंगच्या चालण्यामागे जादू नाही. वरच्या पायरीवरील स्थितिज ऊर्जा वेढ्यांमधून लहरीच्या रूपाने खाली सरकते. शेवटचा वेढा वरची पायरी सोडतो तेव्हा त्याला एवढा वेग आलेला असतो, की तो इतर वेढ्यांवर न थांबता पुढच्या पायरीवर झेपावतो. घर्षणात जाणारी ऊर्जा प्रत्येक पायरीची उंची भरून काढते. त्यामुळेच सपाट फरशीवर ती थांबते.

यापेक्षाही चमत्कारिक प्रयोग म्हणजे स्प्रिंग वरून धरून लोंबकळत ठेवायची आणि सोडून द्यायची. वरचे वेढे कोसळत असताना खालचे टोक क्षणभर जागचे हलत नाही. ते अधांतरी राहते! खालच्या वेढ्याचे वजन त्याला खाली ओढते आणि वरचा ताण तेवढ्याच बळाने त्याला सावरतो. वरचा हात सुटल्याची 'बातमी' स्प्रिंगमधून खाली पोहोचायला सुमारे तीन दशांश सेकंद लागतात. तोवर खालच्या वेढ्यापुरते काहीच घडलेले नसते. गुरुत्वाकर्षणाचा नियम मात्र मोडत नाही. वरचे वेढे सुट्या दगडापेक्षाही वेगाने खाली येतात, त्यामुळे संपूर्ण स्प्रिंगचे वस्तुमान केंद्र नेहमीच्याच गतीने पडते.

बातमी पोहोचायला वेळ लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राने फार जड किंमत देऊन अनुभवली आहे. ताणलेल्या स्प्रिंगला लांबीच्या दिशेने धक्का दिला तर वेढे दाटतात व विरळ होतात. आडवा झटका दिला तर ती नागमोडी हलते. भूकंपातही अशाच दोन प्रकारच्या लहरी निघतात. खडक दाबला जाण्याला अधिक विरोध करतो, म्हणून पुढे-मागे ढकलणाऱ्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येतात. आडव्या हलवणाऱ्या दुय्यम लहरींचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर असतो. बहुधा त्याच अधिक हानी करतात.

दोन्ही लहरींमधील अंतर मोजून भूकंपाचे केंद्र किती दूर आहे, हे काढता येते. किल्लारी ब्रह्मपुरीपासून सरळ रेषेत सुमारे ४४० किलोमीटरवर आहे. तिथला भूकंप इथल्या भूकंपमापक यंत्राने टिपला, तर दोन लहरींत पाऊण मिनिटाच्या आसपास अंतर दिसेल. जपान व मेक्सिकोतील पूर्वसूचना यंत्रणा याच सवलतीचा उपयोग करतात. केंद्रालगतच्या यंत्रांनी पहिला धक्का टिपताच दूरच्या शहरांना इशारा जातो.

केंद्रालगत राहणाऱ्यांना मात्र ही सवलत मिळत नाही. १० ते १५ किलोमीटरवर दोन लहरींत जेमतेम दोन सेकंद उरतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर झोपेत होता आणि घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाडजूड होत्या. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगावली.