मोठ्या कॉलेजात आपल्या लेकीला का हिणवतात?



बारावीचे, सीईटीचे निकाल लागले की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एकच विषय निघतो. कुणाची मुलगी कुठे लागली? कुणी दापोलीतच राहते, कुणी चिपळूण-रत्नागिरीला जाते, आणि एखादी मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात जाते. तिच्यासाठी आपण बॅग घेतो, गादी घेतो, कुळथाचं पीठ आणि मेतकूट बांधून देतो. फी, हॉस्टेल, एसटीचं भाडं, सगळ्याचा हिशेब होतो. पण एका गोष्टीची तयारी आपण करून देत नाही. तिथे तिला कुणी हसेल, तिच्या बोलण्याला, कपड्याला, आडनावाला, बाई असण्याला नाव ठेवील, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मग तसं झालं की तिला वाटतं, कमी आपल्यातच आहे.

आज आपण तेच समजून घेणार आहोत. हे कसं होतं, का होतं, आणि झालं तर कायदा काय म्हणतो.

हिणवणं कसं असतं?

पहिल्या दिवशी कुणी येऊन शिवी देत नाही. प्रश्न विचारतात. “प्रवेश परीक्षेत नंबर कितवा होता?” वरवर साधा प्रश्न. पण त्या नंबरावरून मुलगी राखीव जागेवर आली की खुल्या, हे ताडायचं असतं. मुंबईच्या आयआयटीत हे इतकं चालायचं, की २०२३ साली संस्थेलाच सांगावं लागलं, एकमेकांना परीक्षेचा नंबर विचारू नका. त्याच वर्षी तिथल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी मुलांसाठी राखून ठेवली गेली. त्याला विरोध म्हणून त्या टेबलावर मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. आपल्या हर्णै-पाजची पोर तिथे गेली, तर बांगडा खाणं ही लाजायची गोष्ट आहे, असं तिला वाटायला किती वेळ लागेल?

दुसरं, भाषा. मुलगी वर्गात मराठीतून विचार करते, इंग्रजीत उत्तर जुळवते, तेवढ्यात मागून खसकन हसू येतं. पुढच्या वेळी ती हात वर करत नाही. तिसरं, पैसा. वाढदिवसाला महागड्या हॉटेलात जायचं, वर्गणी काढायची. जी देऊ शकत नाही ती आपोआप गटाबाहेर.

आणि चौथं, ती मुलगी आहे हे. आयआयटीमध्ये मुली फार कमी होत्या म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या. मुलांची एकही जागा कमी केली नाही. तरी मुलींना ऐकावं लागतं, “तू काय, मुलगी म्हणून आलीस.” मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मुलींच्या रूपाला नंबर देणं, घाणेरडे विनोद करणं हेही चालतं. हे फक्त कॉलेजात शिकतात असंही नाही. २०१९ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका महागड्या शाळेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा असा ग्रुप उघडकीला आला. वर्गातल्या मुलींबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते इथे बोलण्यासारखं नाही. शाळेने काही मुलांना निलंबित केलं. लाखांनी फी भरली म्हणजे रीत येते, असं नाही.

हे आजचं नाही

आपल्या मुलींना हे सांगायला हवं, की ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यांनाही हे चुकलं नाही.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला गेल्या, तेव्हा तिथे त्या एकट्या मुलगी. वर्गात येऊ नयेत म्हणून मुलं त्यांच्या तोंडावर दार लावायची. त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली. दुसऱ्यांच्या मदतीने त्या गेल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना तिथे पदवीच देत नसत. ती त्यांच्या हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी.

केंब्रिज तर त्याहून पुढे. १८९७ साली बायकांना पदवी द्यावी का, यावर तिथे मतदान होतं. विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा करून रस्त्यावर टांगला, आणि ठराव पडल्यावर जल्लोष केला. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये, आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर!

आणि बाबासाहेब आंबेडकर. लहानपणी त्यांचं कुटुंब आपल्या दापोलीच्या कॅम्पात राहत होतं. पुढे अमेरिकेत शिकून आल्यावर १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तेव्हा बरोबरीच्या काही प्रोफेसरांनी हरकत घेतली, की आमच्या भांड्यातलं पाणी यांनी पिऊ नये. एवढ्या मोठ्या विद्वानाला! म्हणजे हिणवलं जातं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. बुद्धी जास्त असली तरी हिणवतात. कारण आजवर जी जागा फक्त आपली होती तिथे दुसरं कुणी येऊन बसलं, हे सहन होत नाही.

‘हुशारी’ कुणाची म्हणायची?

हिणवणाऱ्यांचं नेहमीचं म्हणणं असतं, “आम्ही हुशारीवर आलो, तुम्ही सवलतीवर.” हे नीट तपासू या.

आपल्याकडे कातळावर हापूसचं कलम लावायचं, तर आधी सुरुंग लावून खड्डा करायचा, दुसरीकडून माती आणून भरायची, पहिले उन्हाळे डोक्यावरून पाणी घालून ते जगवायचं. खाली खोल मातीत लावलेल्या कलमाला यातलं काही लागत नाही. दोन्ही कलमं धरली, तर कातळावरच्या झाडाला ‘तुला माती आणून घातली’ असं कुणी हिणवतं का?

ज्या मुलाच्या घरी आजोबांपासून पदव्या आहेत, ज्याला पहिलीपासून इंग्रजी शाळा आहे, ज्याने कोट्याला नाहीतर मुंबईला दोन वर्षं क्लास लावला, त्याच्या पायाखाली आधीच माती होती. ती त्याला दिसत नाही, इतकंच. आपली पोर सकाळची एसटी धरून, घरी येऊन भांडी घासून तिथपर्यंत पोचली. तिला मिळालेली सवलत म्हणजे ती टोपलीभर माती. त्यात लाज कसली?

डॉक्टर पायल तडवी

आता जड मनाने एक गोष्ट सांगते. जळगाव जिल्ह्यातली पायल तडवी, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. २०१८ साली मुंबईच्या नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात स्त्रीरोग विभागात पुढचं शिक्षण घ्यायला गेली. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, तिने हॉस्टेलमध्ये आपलं आयुष्य संपवलं.

तिच्या घरच्यांचं म्हणणं असं, की तीन वरिष्ठ डॉक्टर तिला जातीवरून टोमणे मारायच्या, पेशंटसमोर अपमान करायच्या, शिकायची संधी देत नव्हत्या. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीलाही छळाचे पुरावे मिळाले. खटला कोर्टात गेला. दोषी कोण हे कोर्ट ठरवील, ते आपलं काम नाही. पण दोन गोष्टींकडे आपण बायकांनी पाहायलाच हवं.

एक, ज्यांच्यावर आरोप आहे त्या तिघीही बायकाच. विभागही बायकांच्या आजारांचा. बाई आहे म्हणून बाईच्या बाजूने उभी राहील, असं धरून चालता येत नाही. वरच्या पायरीवरची बाईसुद्धा खालच्या पायरीवरच्या बाईला ढकलू शकते.

दोन, पायलची आई आबेदा तडवी. त्या स्वतः कॅन्सरच्या उपचारासाठी नायरला येत. मुलीचे हाल पाहून त्यांनी गप्प बसायला सांगितलं नाही. त्यांनी तक्रार केली, आणि घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे ती वेळेवर ऐकली गेली नाही. लेक गेल्यावरही त्या थांबल्या नाहीत. २०१९ सालीच, हैदराबादला जीव गमावलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला आणि आबेदाबाई, दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. मागणी एकच, कॉलेजात भेदभाव होऊ नये यासाठी २०१२ सालीच नियम केले आहेत, ते पाळले जावेत. दोन आयांमुळे देशभरच्या विद्यापीठांना या नियमांकडे पाहावं लागलं.

कायदा काय सांगतो?

हे नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार फक्त विद्यार्थिनीनेच करायची असं नाही. आई-बाप, पालक, शिक्षक कुणीही करू शकतात. मात्र ती लेखी हवी. तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्राचार्यांनी टाळाटाळ केली, तर गुन्ह्याला मदत केली असं धरून त्यांच्यावरही कारवाई होऊ शकते.

रॅगिंग म्हणजे मारहाणच असं नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली स्पष्ट केलं, की जात, धर्म, रंग, भाषा, गाव, मुलगा-मुलगी असणं किंवा घरची आर्थिक स्थिती यावरून मानसिक छळ करणं हेसुद्धा रॅगिंगच. म्हणजे तिच्या बोलीवरून, तिच्या गावावरून, तिच्या गरिबीवरून सतत हिणवणं ही ‘गंमत’ नाही, गुन्हा आहे.

लैंगिक छळ असेल, अश्लील बोलणं, फोटो, मेसेज असतील, तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिथे तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना जातीवरून अपमान झाल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचंही संरक्षण आहे.

रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर आहे १८००-१८०-५५२२. फोन फुकट, दिवसरात्र चालू. आणि मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. तिथे मराठीतून बोलता येतं.

आपण काय करायचं?

पहिलं, फोनवरचा प्रश्न बदलू या. “जेवलीस का? अभ्यास कसा चाललाय?” यापुढे एक विचारा, “तिथे तुझ्याशी कसं वागतात?” ती गप्प झाली, सुट्टीनंतर परत जायला टाळू लागली, जेवण तुटलं, तर कान टवकारा.

दुसरं, “सहन कर, चार वर्षांचा प्रश्न आहे” हे वाक्य आपण सोडून द्यायचं. आपण ते प्रेमाने म्हणतो, कारण आपण स्वतः सासरी तेच करत आलो. पण मुलीला ते असं ऐकू येतं, की घरचं दारही बंद.

तिसरं, नोंद ठेवायला सांगा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं. मेसेज पुसायचे नाहीत. लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायची. रेशन दुकानाचा अर्ज असो की कर्जाचा, पोच घ्यायला आपल्या गटातल्या बाया आता शिकल्याच आहेत. तीच सवय इथे कामाला येते. अर्ज लिहायला, सोबत मुंबईला जायला गट आहेच.

चौथं, आपल्या मुलांकडे बघा. तोही उद्या मोठ्या कॉलेजात जाईल. बहिणीने ताट उचलायचं आणि त्याने हात धुऊन उठायचं, हे पाहत मोठा झालेला मुलगा वर्गातल्या मुलीला बरोबरीची कशी मानेल? मोबाईलवर येणाऱ्या घाण विनोदाला “हे मला आवडलं नाही” म्हणायला त्याला घरीच शिकवावं लागेल.

आणि पाचवं, थोडं आपल्याकडेही. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. विदर्भ-मराठवाड्यातून, घाटावरून शेतकऱ्यांची पोरं-पोरी इथे शिकायला येतात. आपण त्यांना खोल्या देतो, डबे देतो. त्यांच्या बोलण्याला आपण हसतो का? “घाटी” हा शब्द आपल्या तोंडात किती सहज येतो! आडनाव विचारून खोली देतो का? मुंबईत आपल्या लेकीला जे लागतं, तेच इथे दुसऱ्या आईच्या लेकीला लागतं.

आपल्या तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच माणसाने १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, आणि तिथे मातृभाषेतून शिकवलं. बायकांना शिकायला इंग्रजीचा उंबरठा आड येऊ नये म्हणून. त्या उंबरठ्यावरून आता आपल्या मुली आत गेल्या आहेत. आत त्यांना सुखाने बसता यावं, एवढं काम आपल्याकडे राहिलंय.

पुढच्या बैठकीत, ज्यांच्या मुली बाहेर शिकतात त्यांची यादी करा, आणि हे दोन नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये घालून घ्या. बरंय, भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.