गॅरंडची डावीकडे सरकलेली दुर्बीण
(नळी ते नेम : भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण बोल्ट अ‍ॅक्शन रायफलपाशी थांबलो होतो. नेमबाजांची ती लाडकी, कारण गोळी सुटताना तिच्यात फारसं काही हलत नाही. अर्धस्वयंचलित रायफलीचं तसं नसतं. जळालेल्या दारूचा थोडा वायू दट्ट्याला मागे रेटतो, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी उडते, नवं काडतूस आत सरकतं आणि बोल्ट मिटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. नेमबाजाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. अशा धावपळ्या यंत्राला अचूक नेमाची शिस्त लावायची आणि वर दुर्बीणही बसवायची, हा खटाटोप अमेरिकी लष्कराने सुरुवातीला दोन वेळा केला.

पहिली रायफल एम-१. क्विबेकमध्ये जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत ती घडवली आणि १९३६ मध्ये लष्कराने ती स्वीकारली. तिच्यात आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरून, अंगठ्याने दाबून भरायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप वरूनच टणकन बाहेर उडायची. सैनिकाला हे सोयीचं होतं. दुर्बीण बसवणाऱ्याची मात्र पंचाईत झाली: नळीच्या बरोबर वर, म्हणजे जिथे दुर्बीण असायला हवी नेमकी तिथेच, भरायची आणि बाहेर टाकायची वाट!

मग दुर्बीण सरकली डावीकडे. १९४४ मध्ये दोन प्रकार मान्य झाले. एम-१सी मध्ये ग्रिफिन अँड हाव या न्यूयॉर्कच्या कंपनीचा माउंट (दुर्बिणीचा आधार) रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या पोलादी चौकटीच्या, डाव्या अंगाला तीन स्क्रू आणि दोन पिनांनी जखडलेला असे. रिसीव्हरचं पोलाद कडक केलं की त्यात भोकं पाडणं अवघड, म्हणून ती आधीच पाडावी लागत. म्हणजे तयार रायफल उचलून तिची एम-१सी करणं जवळपास अशक्य. गॅरंड यांनी स्वतः सुचवलेल्या एम-१डी मध्ये रिसीव्हरला हातच लावला नाही. नळीच्या मागच्या टोकावर एक ठोकळा बसवला, त्यासाठी वरचं लाकडी आच्छादन थोडं आखूड केलं, आणि माउंट एका मोठ्या स्क्रूने त्या ठोकळ्यावर आवळला. मला ही दुसरी युक्ती जास्त शहाणपणाची वाटते, कारण कुठल्याही लष्करी डेपोत नळी बदलली की काम झालं.

डावीकडच्या दुर्बिणीने दोन कटकटी आणल्या. गाल दस्त्यावर नेहमीच्या जागी टेकवला तर डोळा दुर्बिणीमागे येईना. त्यासाठी दस्त्याच्या डाव्या बाजूला चामड्याची गादी दोरीने आवळून बांधायची. एम-१सी आणि एम-१डीच्या जुन्या फोटोंत ती लगेच ओळखू येते. दुसरी कटकट भूमितीची. नजरेची रेषा डावीकडून निघून गोळीच्या मार्गाला एकाच अंतरावर छेदते. समजा रायफल ३०० यार्डांवर जुळवली. त्याच्या अलीकडे गोळी नेमाच्या किंचित उजवीकडे लागणार आणि पलीकडे डावीकडे. ६०० यार्डांवर ही चूक दुर्बीण नळीपासून जितकी सरकली आहे तितकीच, म्हणजे तशी किरकोळ. दुर्बीण स्वतःच जेमतेम सव्वादोन पटींची होती, त्यामुळे एवढ्याशा फरकाची चिंता करण्यात अर्थ नव्हता.

खरा प्रश्न दुर्बिणीखाली होता. फोटोत दुर्बीण दिसते म्हणून श्रेय तिला मिळतं, पण अचूकपणा खालच्या रायफलीत असतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, त्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या प्रकारात ती चालतच नाही. अचूकपणा म्हणजे प्रत्येक गोळीला सगळं तसंच घडणं. गोळी सुटताना नळी थरथरते, ती खुशाल थरथरू दे, पण दर खेपेला सारखी.

दुसऱ्या खेपेला लष्कराने हे बरोबर ओळखलं. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या एम-१४ ला खालून लागणारी वीस काडतुसांची मॅगझिन होती, त्यामुळे वरची जागा मोकळी झाली आणि दुर्बीण नळीच्या सरळ रेषेत आली. व्हिएतनाम युद्धात, १९६९ मध्ये, निवडक एम-१४ रायफलींवर स्नायपरसाठी काम झालं. त्या एक्सएम-२१, आणि पुढे एम-२१.

त्यात कारागिरांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. दस्त्यात रिसीव्हर जिथे बसतो तिथलं लाकूड थोडं कोरून काचतंतू मिसळलेलं इपॉक्सी भरलं. धातूला ते चिकटू नये म्हणून आधी लेप लावला आणि रिसीव्हर त्यात दाबून सुकू दिला. आता पोलादाला हलायला केसभरही जागा नाही. पुढचा वायूचा सिलिंडर आणि त्यालगतचा पट्टा एकजीव केला, कारण ते सुटे खुळखुळले की नळीवरचा दाब दर गोळीला बदलतो. नळीच्या तोंडावरच्या, ज्वाळ दाबणाऱ्या फ्लॅश सप्रेसरचं भोक थोडं मोठं केलं, जाताना गोळी त्याला घासू नये म्हणून. अक्रोडाच्या लाकडात राळ मुरवली. व्हिएतनामच्या दमट हवेत लाकूड आपल्याकडच्या पावसाळी दारासारखं फुगतं, आणि फुगलेला दस्ता नळीला एका बाजूने ढकलतो. हे उपद्व्याप एकेका मिनिटासाठी चालले होते. नेमाच्या हिशोबात मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. ६०० मीटरवर तोच साडेसतरा सेंटिमीटर होतो.

एम-२१ ची दुर्बीण तीन ते नऊ पटींची होती. जेम्स लेदरवुड या लष्करी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तिला एक कॅम, म्हणजे कमीजास्त त्रिज्येची चकती, जोडला गेला. समोरच्या माणसाचा कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग, म्हणजे अंदाजे ३० इंच, दोन खुणांमध्ये बसेपर्यंत झूम फिरवायचा. त्याच फिरण्याने कॅम दुर्बीण तेवढ्या अंतराला हवी तितकी कलती करतो. अंतर मोजणं आणि गोळीची घसरण भरून काढणं, दोन्ही एका कड्यात.

पण देखभाल जिकिरीची होती. साफसफाईसाठी दर वेळी रिसीव्हर दस्त्यातून काढला की इपॉक्सीची बैठक झिजते, म्हणून हे काम शक्यतो प्रशिक्षित आर्मररनेच करायचं. माउंटचे स्क्रूही धक्क्यांनी ढिले व्हायचे. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकी लष्कर स्नायपरसाठी एम-२४ या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीकडे परतलं. अर्धस्वयंचलित रायफल पुन्हा स्नायपरच्या हातात आली ती एम-११० च्या रूपाने, आणि तिच्या पाठीवर सलग खाचांची पट्टी होती. ती पट्टी, तिचं १९९५ चं लष्करी मानक आणि दुर्बीण काढून पुन्हा त्याच खाचेत बसवली तर नेम का टिकतो, हे पुढच्या भागात.