रिपोर्ट लिहिताना सरांची मदत कशी घ्यायची? मोबाईलवरून सोपी पद्धत

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून झाला की आपण काय करतो? पीडीएफ बनवतो, सरांना व्हॉट्सॲपवर टाकतो आणि खाली लिहितो, "सर, चेक करा ना." सरांचं उत्तर येतं, "ओके." झाली मदत!

मी मंचरचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी सीनियरच्या रिपोर्टमधली वाक्यं उचलून प्रस्तावना लिहिली होती. व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी त्यातलंच एक वाक्य वाचून अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. कोड पूर्ण माझा होता, पण त्यानंतर सरांना तोही माझा वाटेना.

रायटिंग ट्युटर म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत लिखाणात मदत करणारे खास लोक असतात. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब १९७६ पासून चालू आहे आणि तिची ऑनलाइन माहिती कोणालाही फुकट वाचता येते. हे ट्युटर तुमचा लेख लिहून देत नाहीत. ते वाचतात, प्रश्न विचारतात आणि कुठे अडखळलो ते सांगतात.

आपल्याकडे असं वेगळं पद सहसा नसतं. मग हे काम प्रोजेक्ट गाइड, इंग्रजी-मराठीचे प्राध्यापक किंवा चांगलं लिहिणारा मित्रही करू शकतो. फक्त मदत नीट मागायला हवी.

चला, स्टेप बाय स्टेप पाहूया

१. रिपोर्ट गूगल डॉक्समध्ये लिहा. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलून पहिला मसुदा तयार करा.

२. शेअरवर टॅप करून सरांचा ईमेल टाका आणि परवानगी 'कमेंटर' ठेवा. 'व्ह्यूअर' दिलं तर सरांना फक्त वाचता येईल, 'एडिटर' दिलं तर ते थेट मजकूर बदलू शकतील. कमेंटरला शेरे देता येतात आणि बदल सुचवता येतात, पण मूळ मजकूर तुमच्या होकाराशिवाय बदलत नाही.

३. अख्खा रिपोर्ट एकदम पाठवू नका. दोन-तीन पानं पाठवा आणि दोन-तीनच नेमके प्रश्न विचारा.

समजा, तुमचं ॲप मंचर बाजार समितीतले कांद्याचे भाव दाखवतं. मग असं विचारा: "सर, गाडी भरायच्या आधी शेतकऱ्याला भाव कळावा म्हणून हे ॲप आहे. पहिला परिच्छेद वाचून हे लक्षात येतं का?" याला "ओके" एवढंच उत्तर देता येत नाही!

४. सुचवलेल्या बदलावर बरोबरची खूण आणि फुली दिसते. डोळे झाकून बरोबरच्या खुणा दाबत सुटू नका. कारण समजलं तरच स्वीकारा, नाहीतर कमेंटखाली विचारा.

५. शेवटी ते पान मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे वाक्य तोडा.

मग चॅटजीपीटी कशाला आहे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि दोन मिनिटांत रिपोर्ट मिळायला लागला. पण व्हायव्हाला ते तुमच्याऐवजी उत्तर देणार नाही. त्याला "लिहून दे" म्हणण्याऐवजी "हे वाचून परीक्षक मला कोणते पाच प्रश्न विचारतील?" असं विचारा. उत्तरं मात्र स्वतः लिहा. अर्थात, कॉलेजचे एआयबद्दल काही नियम असतील तर ते आधी बघा.

एक बोनस टिप: कॉम्प्युटरवर डॉक्सच्या फाइल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' असते. तुम्ही रिपोर्ट टप्प्याटप्प्याने कसा लिहिला ते तिथे दिसतं. कोणी शंका घेतली तर दाखवायला उपयोगी पडते.

सरांना भेटायला संकोच वाटतो? मलाही वाटायचा. "माझं इंग्रजी कच्चं आहे, सरांना काय दाखवू?" असं म्हणत मी थांबलो आणि व्हायव्हात अडकलो. तुम्ही थांबू नका. आजच एक पान आणि दोन प्रश्न पाठवा.