विश्लेषण : सायरन वाजत असतानाही युक्रेनमधील विद्यापीठे कशी चालली? काय आहे ‘ट्विनिंग’?

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले आणि खारकीव्ह, सुमी, मारियुपोल या शहरांतील विद्यापीठांचे वर्ग ओस पडले. विद्यार्थी आणि प्राध्यापक देशोदेशी विखुरले. तरीही अनेक विद्यापीठांनी शिकवणे थांबवले नाही. त्यामागे परदेशी विद्यापीठांच्या भागीदारीचा मोठा वाटा आहे.

‘ट्विनिंग’ म्हणजे काय?

युक्रेनमधील एका विद्यापीठाची ब्रिटनमधील एका विद्यापीठाशी थेट जोडी लावणे, म्हणजे ट्विनिंग. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात १०० हून अधिक जोड्या जुळल्या. सुमी स्टेट युनिव्हर्सिटीला लिव्हरपूलची, तर खारकीव्हच्या काराझिन विद्यापीठाला यॉर्कची साथ मिळाली. कोणाला काय हवे, हे त्या दोघांनी आपसांत ठरवायचे, असे याचे स्वरूप आहे.

मदत कशा प्रकारची?

ऑनलाइन ग्रंथालय आणि जर्नल्स खुली करणे, संयुक्त व्याख्याने, इंग्रजीचे वर्ग, समर स्कूल, संशोधनासाठी निधी अशी ही मदत आहे. वैद्यकीय शाखेत मात्र ऑनलाइन शिक्षण पुरत नाही, तिथे रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभव लागतो. त्यामुळे खारकीव्ह नॅशनल मेडिकल युनिव्हर्सिटीच्या काही विद्यार्थ्यांना केंब्रिजने २०२२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांचे क्लिनिकल प्रशिक्षण दिले.

विद्यार्थ्यांना सरळ परदेशी का नेले नाही?

याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, मार्शल लॉ लागू होताच १८ ते ६० वयोगटातील बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाली. १८ ते २२ वयोगटाला यातून सूट मिळाली ती थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हुशार मुले आणि प्राध्यापक कायमचे बाहेर गेले, तर युद्धानंतर देश उभारणार कोण? म्हणूनच विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात राहावा आणि पदवीही तिथलीच घ्यावी, यावर ट्विनिंगचा भर आहे.

अडचणी कोणत्या?

इंटरनेटवर चालणारी मदत विजेवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीज यंत्रणेवर हल्ले वाढवले आणि तासन्‌तास वीज जाऊ लागली. प्रत्यक्ष वर्ग भरवायचा, तर बंकरमध्ये मावतील तेवढेच विद्यार्थी बोलावता येतात. मारियुपोल स्टेट युनिव्हर्सिटीला तर आपले शहर सोडून कीव्हमध्ये नव्याने उभे राहावे लागले.

भारतीय विद्यार्थ्यांचे काय झाले?

युद्धामुळे महाराष्ट्रासह देशभरातील हजारो एमबीबीएस विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ आणि अन्य मार्गांनी मायदेशी परतावे लागले. परदेशातील संपूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रम एकाच संस्थेतून पूर्ण करावा, असा भारताचा नियम असल्याने त्यांची कोंडी झाली. अखेर ६ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘अकॅडमिक मोबिलिटी प्रोग्रॅम’ला ना-हरकत दिली. त्यानुसार शिक्षण दुसऱ्या देशातील विद्यापीठात, पण पदवी मूळ युक्रेनियन विद्यापीठाची, अशी सोय झाली. मात्र नव्या देशातील फी, व्हिसा आणि राहण्याचा खर्च विद्यार्थ्यांच्या पालकांवरच पडला. विद्यापीठांमधील करार वर्ष वाया जाण्यापासून वाचवतो, पण घरचे कर्ज कमी करत नाही.