लहान मुलांना रोज तीन तास हालचाल हवी. शहरातल्या घरात ती जमवायची कशी?

संध्याकाळचे सात वाजलेत. पुण्यात धायरीतला एक वन-बीएचके फ्लॅट. आई नुकतीच ऑफिसमधून आली आहे. बाबा अजून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आहेत. दिवसभर नातवाला सांभाळून आजीचे गुडघे दुखायला लागलेत. तीन वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उड्या मारतोय, खालच्या मजल्यावरून तक्रार येण्याची भीती आहे आणि कुकर अजून लावायचाय. अशा वेळी मुलाच्या हातात मोबाइल दिला की घर एका मिनिटात शांत होतं.

हे घर काल्पनिक आहे, पण अनोळखी नाही. मोबाइल जास्त बघणं चांगलं नाही, हे बहुतेक पालकांना माहीत असतं. खरी अडचण पुढची असते. मोबाइल काढून घेतला तर त्या जागी काय द्यायचं? त्यासाठी वेळ, जागा आणि अंगात ताकद कुठून आणायची?

जागतिक आरोग्य संघटना काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. मुलांनी दिवसभरात किती हालचाल करावी, किती वेळ एका जागी बसावं आणि किती झोपावं, हे त्यात वयानुसार सांगितलं आहे.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसातून अनेकदा जमिनीवर खेळू द्यावं. रांगायला न लागलेल्या बाळाला जागं असताना, थोडं थोडं करून, दिवसभरात किमान अर्धा तास पालथं ठेवावं. या वयात स्क्रीन नकोच.

एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं, म्हणजे तीन तास, हालचाल करावी. तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी यातला किमान एक तास दम लागेल अशा खेळाचा असावा. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम.

झोपेचंही गणित आहे. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी. बाबागाडीत किंवा खुर्चीत बांधून सलग एक तासापेक्षा जास्त बसवू नये, असंही या सूचना सांगतात.

परगावी असलेल्या बाबांशी किंवा परदेशातल्या मावशीशी व्हिडिओ कॉल केला तर? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीड वर्षाखालच्या मुलांनाही व्हिडिओ कॉलची सूट दिली आहे. कारण तिथे समोरचा माणूस मुलाशी बोलतो आणि मुलाच्या प्रतिसादाची वाट बघतो. कार्टून असं थांबत नाही.

तीन तास म्हणजे सलग तीन तास नव्हे

तीन तासांचा आकडा ऐकूनच नोकरी करणाऱ्या पालकांच्या पोटात गोळा येतो. पण हा वेळ सलग द्यायचा नाही. तो दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी जमवायचा आहे आणि तो सगळा मैदानावरच जायला हवा असंही नाही. रांगणं, चालणं, जिना चढणं, वाकून वस्तू उचलणं हे सगळं यात मोजलं जातं.

धायरीतल्या त्याच घराचा हिशोब मांडून बघू. सकाळी दूध किंवा भाजी आणायला मुलाला कडेवर न घेता चालवत नेलं, तर जाऊन-येऊन २५ मिनिटं. धुतलेले कपडे वाळत घालताना मुलाने बादलीतून एकेक कपडा आणि चिमटा आणून दिला, नंतर केर भरायला मदत केली, तर २० मिनिटं. बालवाडीत किंवा पाळणाघरात नाच, गाणी, पळापळी मिळून ३५ मिनिटं. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात किंवा बागेत ७५ मिनिटं. रात्री जेवणाआधी घरातच लपंडाव किंवा गाण्यावर नाच, २५ मिनिटं. झाले १८० मिनिटं.

यातला बराचसा वेळ असा आहे की ज्यात पालक वेगळं काही करत नाहीत. जे काम एरवी मुलाला बाजूला बसवून केलं असतं, तेच त्याला सोबत घेऊन केलं आहे. काम सावकाश होतं, दोन चिमटे गॅलरीतून खालीही पडतात. पण तेवढा वेळ मूल हलतं, बोलतं आणि आपण घरात उपयोगी आहोत, हे त्याला कळतं.

बागेचा तास मात्र सहज चुकतो. म्हणून तो ठरलेल्या वेळी ठेवलेला बरा. 'वेळ मिळाला तर जाऊ' म्हटलं की तो दिवस जातो. रोज सहा वाजता चप्पल घालायची हे एकदा अंगवळणी पडलं की मूलच आठवण करून देतं.

महागडी खेळणी हवीत का?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी शोधलं गेलं आहे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचलं. मॉन्टेसोरी पद्धतीची साधनं महाग होती आणि गावात ती परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी परिसरात मिळणारी पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले यांचीच शिकण्याची साधनं केली. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणात शाळा भरवली.

शहरातल्या घरात याचा अर्थ साधा आहे. वाट्या, डाव, झाकणं, रिकामे खोके, जुनी ओढणी ही सगळी खेळणी आहेत. दोन खुर्च्यांवर चादर टाकली की तंबू होतो. जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने रेघ आखली की तिच्यावरून तोल सांभाळत चालायचा खेळ होतो. मोज्यांची गुंडाळी करून टोपलीत नेम धरायला दिला तर शेजाऱ्यांना आवाजही जात नाही. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, तेव्हा हेच कामाला येतं.

एक खबरदारी मात्र हवी. चिंचोके, मणी, बटणं, नाणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत, ती घशात अडकू शकतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि न कापलेली द्राक्षं यांचंही तसंच. रिमोटमधले किंवा खेळण्यांमधले चपटे गोल सेल तर मुलांपासून पूर्ण लांब ठेवायला हवेत. असा सेल गिळला गेल्याची शंका जरी आली, तरी थेट दवाखाना गाठावा. पाण्याचा खेळ झाला की बादली आणि टब लगेच रिकामे करावेत. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं.

आजी-आजोबा सांभाळत असतील तर?

अनेक घरांत दिवसभर मूल आजीकडे असतं. साठी-पासष्टीच्या माणसाला दोन वर्षांच्या मुलामागे धावता येत नाही. म्हणून टीव्ही लावला जातो आणि संध्याकाळी त्यावरून घरात कुरबूर होते.

यावर कामाची वाटणी हा चांगला उपाय आहे. धावपळीचा वेळ आई-बाबांनी सकाळी आणि संध्याकाळी वाटून घ्यावा. आजीकडे बसून करायच्या गोष्टी असाव्यात. मूल बसलेलं असताना त्याला गोष्ट सांगावी किंवा पुस्तक दाखवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्येही म्हटलं आहे. आजीच्या गोष्टीत हुंकार द्यायचा असतो, मध्येच प्रश्न विचारायचे असतात. मुलाची भाषा अशा देवाणघेवाणीतूनच वाढते. मटार सोलणं, पालेभाजी निवडणं, कणकेचा गोळा मळणं यांतून बोटांनाही वळण लागतं.

सोसायटीत अशी तीन-चार घरं असतील, तर रोज एका घरातल्या मोठ्या माणसाने सगळ्या मुलांना खाली न्यावं. बाकीच्यांना तेवढी उसंत मिळते.

जेवताना मोबाइल कसा सोडवायचा?

स्क्रीन बघत खाणाऱ्या मुलाचं लक्ष ताटाकडे नसतं. पोट भरलं की थांबायचं, ही जाणीव त्यामुळे मंदावते. ही सवय एका दिवसात सुटत नाही. पहिल्यांदा एकच जेवण ठरवावं, शक्यतो घरातली मोठी माणसं सोबत बसतात ते. त्या जेवणाला कोणाच्याच हातात मोबाइल नको, बाबांच्याही. ताटात थोडंच वाढावं आणि मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावं. सांडलवंड होते, म्हणून खाली जुना पेपर अंथरावा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावं आणि चार घास कमी गेले तरी मागे धावू नये. सुरुवातीचे काही दिवस रडारड होते. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवलं नाही, तर मोबाइल परत येतो.

रविवारी कुठे न्यायचं?

लहान मुलांना दिवसभराची सहल झेपत नाही. दोन-अडीच तासांचा एकच कार्यक्रम पुरतो. पुण्याचंच उदाहरण घेतलं, तर सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानात १९५६ मध्ये सुरू झालेली फुलराणी आहे. या छोट्या रेल्वेत आजच्या मुलांचे आजी-आजोबाही लहानपणी बसले असतील. पर्वतीला शंभराच्या आसपास पायऱ्या आहेत. तीन-चार वर्षांची मुलं त्या थांबत थांबत चढतात, उतरताना मात्र हात धरावा लागतो. तळजाई आणि वेताळ टेकडीवर सकाळी लवकर गेलं तर मोरांचा आवाज ऐकू येतो.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मोठं आहे आणि बुधवारी बंद असतं. तिथे सगळं बघायचा हट्ट न धरता दोन-तीनच प्राणी निवांत बघावेत. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वाद्यं, भांडी आहेत. लहान मुलाला माहितीच्या पाट्या वाचून दाखवण्यापेक्षा 'यात मोर कुठे दिसतो, हत्ती कुठे दिसतो, शोध बघू' असं म्हटलं की तास कसा गेला कळत नाही. मेट्रोचा चार स्टेशनांचा प्रवास किंवा पीएमपीच्या बसमधली फेरी हीसुद्धा मुलांच्या लेखी सहलच असते. वेळा आणि तिकिटं बदलतात, त्यामुळे निघण्याआधी खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या गावात नावं बदलतील. नदीचा घाट, शाळेचं मैदान, आठवडी बाजार किंवा एसटी स्टँडही चालेल.

बाहेर पडताना या गोष्टी विसरू नका

दुचाकीवर मुलाला नेताना नियम स्पष्ट आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो वर्षभराने लागू झाला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मुलाला टाकीवर उभं करून नेणं यात कुठेच बसत नाही.

गर्दीच्या ठिकाणी जाताना दारातच मुलाचा एक फोटो काढावा. चुकामूक झाली तर त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. उन्हाळ्यात अकरा ते चारच्या उन्हात बाहेर काढू नये, पाण्याची बाटली सोबत असावी. पावसाळ्यात संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. अडचणीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक घरातल्या आजी-आजोबांनाही माहीत हवेत.

डॉक्टरांना कधी विचारावं?

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं. तरी दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलणं बंद झालं असेल, तर 'मोबाइल कमी केला की बोलेल' म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची मोफत तपासणी होते.

आता पुन्हा संध्याकाळी सात वाजता त्याच घरात जाऊ. उद्यापासून तिथे सगळं बदलणार नाही. पण आईने कुकर लावायच्या आधी दहा मिनिटं मुलाला डब्यातले बटाटे मोजून आणायला लावलं, बाबांनी घरी येताच चपला न काढता त्याला खाली नेलं आणि आजीने तेवढ्यात पाय पसरले, तरी आठवड्याच्या सात संध्याकाळींपैकी तीन-चार मोबाइलशिवाय निघतील. सुरुवात म्हणून तेवढं पुरेसं आहे.